थोरलीचं इंजेक्शन

मी स्टिरॉइडचं इंजेक्शन बोलतोय. लगेच नाक मुरडू नका. आमच्या नावाची बदनामी मला ठाऊक आहे, आणि ती सगळीच खोटी नाही.

काचेच्या कुपीत मी जन्मलो, चिमूटभर पांढरी भुकटी म्हणून. पाण्यात विरघळवलं की कामाला तयार. औषधाच्या दुकानातून मी दोन बहिणींच्या घरी आलो. थोरली केस कापायचं दुकान चालवायची. तिच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी निकामी झाल्या होत्या. तुमच्या अंगात जे स्टिरॉइड आपोआप तयार होतं, ते तिला रोज गोळीतून घ्यावं लागे. धाकटी त्याच दुकानात गिऱ्हाइकांचे केस धुवायची आणि थोरलीच्या जिवावर उड्या मारायची.

नर्सबाईंनी दोघींना समोर बसवून शिकवलं. "गोळी चुकवायची नाही. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलंय तशी वाढवायची. पण उलट्या होऊन गोळी पोटात ठरेना, किंवा ही गळून गेली, तर थांबायचं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला हे टोचायचं आणि लगेच दवाखाना."

"आणि गरज नसताना दिलं गेलं तर?" धाकटीनं विचारलं.

"एकदा जास्तीचं गेलं म्हणून काही बिघडत नाही. न दिल्यानं बिघडतं."

थोरली हसली. "हिला कशाला घाबरवता? टाचणी मला टोचली तर रडते ही!"

मग मी थोरलीच्या पर्समध्ये राहू लागलो, कंगव्याच्या शेजारी. अधूनमधून ती माझी मुदत वाचून बघायची आणि म्हणायची, "आहेस ना रे? नुसता बसून राहा म्हणजे झालं." मी नुसतं बसून राहावं, एवढीच दोघींची इच्छा होती. माझीही.

त्या दिवशी दुकान उघडायची वेळ झाली तरी थोरली न्हाणीघरातून बाहेर येईना. पहाटेपासून उलट्या चालू होत्या, गोळी घेतली की बाहेर पडत होती. धाकटीनं तिला धरून पलंगावर आणलं. अंग थंडगार, ओठ पांढरेफटक. "इंजेक्शन..." एवढंच थोरली बोलली आणि तिची मान कलली.

धाकटीनं रुग्णवाहिका बोलावली आणि मला बाहेर काढलं. ती कुठेही चुकली नाही. मला विरघळवलं, सिरिंजमध्ये ओढलं, बहिणीच्या मांडीवरचं कापड सरकवलं. तेवढ्यात फोन वाजला. रुग्णवाहिकावाले असतील म्हणून तिनं उचलला, तर मामा. काय झालंय आणि हातात काय आहे, ते तिनं घाईघाईत सांगितलं.

मामा वाईट माणूस नाहीत. त्यांच्या मुलानं अंग कमवायच्या नादात स्टिरॉइड टोचून घेऊन तब्येतीचं मातेरं केलं होतं. ते स्टिरॉइड वेगळं, मी वेगळा. आडनाव तेवढं एक. पण दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला हे कोण समजावणार?

"स्टिरॉइड?" मामा ओरडले. "वेड लागलंय का तुला? डॉक्टर येईपर्यंत हात लावू नकोस! काही बरंवाईट झालं तर जन्मभर स्वतःला माफ करशील?"

धाकटीनं सुई मागे घेतली. एका हातात मी, दुसऱ्या हातात बहिणीचा हात. "आलीच हं गाडी, ताई, आलीच," म्हणत ती खिडकीकडे बघत राहिली. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

गाडी आली. त्या माणसांनी आल्या आल्या त्यांच्याकडचं इंजेक्शन दिलं. तेच, माझंच भावंड. ते पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. दुपारी दवाखान्यात थोरली गेली.

काही दिवसांनी धाकटी मला घेऊन नर्सबाईंकडे आली. सुईला टोपण घातलेलं, वर रुमाल गुंडाळलेला.

"दिलं असतं तर वाचली असती?"

नर्सबाईंनी मला तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. "ते मला सांगता येणार नाही, बाळा. पण द्यायला हवं होतं."

"मला येत होतं हो," धाकटी म्हणाली. "सगळं येत होतं."

नर्सबाईंनी तिला जवळ घेतलं, पोटभर रडू दिलं.

आता मी सुया टाकायच्या जाड डब्यात आहे. माझ्यातला गुण गेलाय, पुढे भट्टीत जायचंय. त्याचं दुःख नाही. ज्यांच्या घरी माझं भावंड असेल त्यांना एवढंच सांगतो: मनानं आम्हाला टोचून घेऊ नका, पण जीव वाचवायला डॉक्टरांनी आम्हाला हाती दिलं असेल, तर त्या घडीला दुसऱ्या कुणाला विचारू नका.

मी तिच्यापासून बोटभर अंतरावर होतो.