नऊ की पंचेचाळीस

कॉर्विनचं लग्न अडावं कशावर? तो मेथडिस्ट चर्चचा, नवरी रेलीन बाप्टिस्ट चर्चची, ते चाललं. तो ओहायोचा, ती अस्सल टेक्ससची, तेही दातओठ खात चाललं. अडलं ते पिस्तुलाच्या गोळीवर!

म्हणजे झालं असं, रेलीनचे वडील हार्लन पंचेचाळीस बोअरच्या जाड गोळीवाले आणि तिचा डबकाका नऊ एमएमच्या बारीक गोळीवाला. सख्खे भाऊ, कुंपणाला कुंपण. पण घरात चोर शिरला तर कुठली गोळी बरी, यावरून ईस्टरच्या जेवणात असे भांडले, असे भांडले, की हार्लन हॅमचं ताट उचलून घरी गेले! तेव्हापासून बोलणं बंद. आता हार्लन नसतील तर रेलीनला हाताला धरून आणणार कोण? आणि डबकाका नसेल तर लग्न लावायचं कुठे, मांडव म्हणून ठरलेलं शेतावरचं कोठार त्याचंच ना! आणि दोघांचाही हट्ट एकच: जावई पहिलं पिस्तूल घेईल ते माझ्या मापाचं, नाहीतर मी लग्नाला येत नाही.

"दोघंही हवेत मला," रेलीननं कॉर्विनला बजावलं. "एक जरी कमी असला ना, तरी मी लग्नाला उभी राहणार नाही. सांगून ठेवते!"

शनिवारी पिस्तुलांच्या दुकानात दोघंही हजर. बोलायचे ते काउंटरवरच्या नॅडीनमार्फत.

"नॅडीन, माझ्या भावाला सांग, नऊ एमएमनं चोराला गुदगुल्या होतात."

"नॅडीन, त्याला सांग, याच्यात गोळ्या जास्त बसतात आणि झाडल्यावर मनगट जाग्यावर राहतं."

कॉर्विननं घसा साफ केला. त्याच्याकडे प्लॅन होता, दोघांच्या मधलं माप. "मला चाळीसचं दाखवा."



"चाळीस?" हार्लन म्हणाले. "जुन्या गाडीचा भाव करतोयस काय रे?"

"ना इकडचं ना तिकडचं!" डबकाका कपाळाला हात लावून म्हणाला. "आणि याला आपण पोरगी देतोय!"

"मी काय पोस्टमन आहे?" नॅडीन वैतागली. "मागे नेमबाजीची रेंज आहे. पोराला दोन्ही झाडून बघू दे." मग तिनं कॉर्विनला हळूच विचारलं, "कधी झाडलंयस?"

"सिनेमात बघितलंय."

नॅडीननं त्याच्या हातात दोन्ही मापांची नारिंगी प्लास्टिकची काडतुसं ठेवली. "नकली आहेत. खऱ्यांच्या मधे एखादं घाल. ते आलं की धमाका होत नाही, नुसतं टिक. तेव्हा हात दचकला तर समज, आवाजाला घाबरतोस."

रेंजवर कॉर्विननं दोन्ही पिस्तुलांची मॅगझिनं भरली, प्रत्येकात एकेक नकली काडतूस घालून. पंचेचाळीसचं उचलणार, तेवढ्यात हार्लननी हिसकावलं. "थांब. आधी कसं झाडतात ते बघ!"

"सर, त्यात ते..."

पण सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ. ऐकतो कोण?

धडाम! धडाम! आणि मग... टिक.

पिस्तुलाचं तोंड असं खाली गेलं, जसं हार्लन खिळाच ठोकताहेत. डोळे गच्च मिटलेले, खांदे कानांना टेकलेले, आणि तोंडातून बारीकसं "आई गं!"

डबकाका भिंत धरून हसला. "सरक! मनगट जाग्यावर राहणं म्हणजे काय ते बघ."

"काका, त्यात पण..."

धाड! धाड! टिक. काका एवढा दचकला की टोपीच पडली.

मग दोघं सावकाश वळले. कॉर्विनकडे. त्याला दिसलं, लग्न गेलं. कोठार गेलं. रेलीन गेली.

"ती नकली माझ्यासाठी होती," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी तर न झाडताच दचकतोय! डोळे उघडे ठेवून झाडता येईल असं काहीतरी द्या मला. चोर आला तर तुम्हा दोघांनाच हाक मारीन!"

हार्लननी खाली वाकून भावाची टोपी उचलली. झटकली. "बावीस बोअर," ते म्हणाले. "गोळी चिमुकली, धक्का जवळजवळ नाहीच."

"बावीसच," डबकाका म्हणाला. "लहानपणी कोठारामागे आपण बावीसनं डबे उडवायचो, तेव्हा मिटत होतो का रे डोळे?"

"तू मिटायचास."

"मी? अरे जा!"

"चला, सुटले मी एकदाची," नॅडीन म्हणाली.

ट्रक घरी आला तेव्हा रेलीन दारातच उभी. तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलेले, वडील आणि काका खांद्याला खांदा लावून! तिचा विश्वासच बसेना.

"मग? नऊ की पंचेचाळीस?"

तिनं आत डोकावलं. "बावीसच्या गोळ्या? आणि तीन पेट्या कशाला?"

"पोराला सरावाला सोबत हवीय," हार्लन म्हणाले.

"लग्नातलं हॅमचं ताट मात्र माझ्याकडे राहणार," डबकाका म्हणाला.

रेलीननं तिघांना खाली उतरवलं, तिघांचेही मुके घेतले आणि खुशीत ट्रकचं दार धाडकन लावलं.

तिघांचेही खांदे एकदमच कानांना टेकले.