आधी नोंद, मग आवाज

चाचणीच्या रबरी बोटाला चिमटा लावून त्याने प्राणवायूचा आकडा हळूहळू खाली आणायला सुरुवात केली. टेबलावरचं यंत्र ग्राहकाकडून परत आलं होतं. रुग्ण गुदमरला तरी भोंगा वाजला नाही, अशी तक्रार होती. असली तक्रार आली की कंपनीत सगळे एकमेकांकडे बघून मान हलवत. घरच्यांना झोप लागते आणि खापर यंत्रावर फुटतं. त्यालाही तसंच वाटे. त्याच्या स्वतःच्या घरात तरी दुसरं काय झालं होतं?

आकडा धोक्याच्या रेषेखाली गेला. भोंगा वाजला नाही. पडदा क्षणभर काळा झाला आणि कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला, आत्ताच कुणी यंत्र सुरू केल्यासारखा. मग पुन्हा काळा पडदा आणि पुन्हा हिरवा दिवा. त्याने चाचणीचं बटण दाबलं, तेव्हा मात्र भोंगा असा खणखणीत वाजला की पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचकला.

"अरे, कान फोडतोस का?"

त्याचं लक्ष नव्हतं. त्याला वहिनी आठवत होती. बाबा गेले त्या सकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, ती एकच वाक्य धरून बसली होती.

"दिवा तर हिरवाच होता हो."

"दिव्याचं काय घेऊन बसलीस?" दादा ओरडला होता. "शेजारी ऐकू जाईल एवढा आवाज आहे त्याचा. मेल्यासारखी झोपली होतीस!"

असंच एक यंत्र त्यानेच कंपनीतून आणून बाबांच्या उशाशी ठेवलं होतं. वहिनीला बटण दाबून दाखवलं होतं. म्हणाला होता, डोळा लागला तरी घाबरू नका, हे जागं असतं. तेव्हा कुठे बाबांच्या खोलीत खाली अंथरूण टाकून ती निर्धास्त झोपायला लागली. दादा ओरडला तेव्हा तो मधे पडू शकला असता. पडला नाही, कारण त्यालाही दादाचंच पटत होतं.

प्रोग्राम उलगडत तो जेवायलाही उठला नाही. चूक सापडली ती त्याच्याच हातची होती. मागे कंपनीने यंत्रात स्वस्तातली चिप बसवली. तिची मेमरी तोकडी, धोका कधी आला याच्या नोंदी काही केल्या मावेनात. एरवी नोंदीतल्या लहानमोठ्या आकड्यांच्या मधे थोडी रिकामी जागा सुटते, मोठा आकडा चिपला हव्या त्याच ठिकाणी सुरू व्हावा म्हणून. त्याने ती सगळी जागा काढून टाकली आणि बॅगेत कपडे कोंबावेत तसे आकडे एकमेकांना खेटून बसवले. साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली होती. जुनी चिप असा आडव्यातिडव्या जागी आलेला आकडाही निमूट लिहायची. नवीला ते जमत नव्हतं. धोक्याची वेळ नोंदवायला गेली की ती अडकायची, बंद पडायची आणि नव्याने सुरू व्हायची. चाचणीच्या बटणाला नोंद करावी लागत नव्हती, म्हणून ते दर वेळी वाजलं. आणि खऱ्या धोक्यात काय आधी करायचं, तेही त्यानेच प्रोग्रामच्या माथ्यावर लिहून ठेवलं होतं: आधी नोंद, मग आवाज.

म्हणजे यंत्र एरवी ठणठणीत चालत होतं. ज्या एका क्षणासाठी ते उशाशी ठेवायचं, नेमकं त्याच क्षणी मुकं होत होतं. तो उठून साहेबांच्या खोलीत गेला.

"अहवालात कारण वगैरे लिहू नकोस," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून टाक. बाहेरची यंत्रं बदलू हळूहळू."

"तोवर ती लोकांच्या उशाशी आहेत, साहेब."

"तू आधी घरी जा. चेहरा बघ तुझा."

त्याने जागेवर येऊन कारण लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि कंपनीतल्या सगळ्यांना पाठवून दिलं. मग बॅग तिथेच टाकून तो निघाला. त्याला आता एकाच माणसाशी बोलायचं होतं.

वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या ढिगापुढे बसली होती. त्या सकाळपासून ती पलंगावर आडवी होत नव्हती. खुर्चीतच डुलकी काढायची आणि दचकून उठायची. दादा तिच्याशी कामापुरतं बोलायचा. ती वाळून काटकी झाली होती, आणि घरात कुणी त्याबद्दल ब्र काढत नव्हतं.

"वहिनी, भोंगा वाजलाच नव्हता."

ती टॉवेलची घडी घालत राहिली.

"चूक माझी होती. यंत्र ऐन वेळी बंद पडत होतं. तुम्ही म्हणत होतात ना, दिवा हिरवा होता? हिरवाच असणार. मी आज डोळ्यांनी बघितलं. दादा आला की त्याला सांगतो, सगळ्यांना सांगतो."

तिचे हात थांबले. तिने कपाळाला आठी घालून आठवून पाहिलं.

"कुठला दिवा?"

"त्या सकाळी तुम्हीच म्हणालात."

"दिव्याचं नाही बाई काही आठवत मला." ती हळू आवाजात म्हणाली. "भोंगा वाजला होता, भावजी. मी कूस बदलली, उशी कानावर ओढली. चांगलं आठवतंय."

"तो वाजूच शकत नव्हता, वहिनी. ऐका माझं."

"रोज ऐकते की मी तो."

त्याला हुंदका आवरेना. तिने टॉवेल बाजूला ठेवला, सरकत जवळ आली आणि लहानपणी त्याला ताप आला की थोपटायची तसं त्याच्या पाठीवर थोपटू लागली.

"तुमचा जीव आहे माझ्यावर, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण म्हणून माझ्यासाठी खोटं बोलू नका."