मर्ल डिट्झलरची मतं

मर्ल डिट्झलरचा फोन दर शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी यायचा. एखाद्या शनिवारी आला नाही, तर दुपारपर्यंत चार-पाच जण मला गाठून विचारायचे, "म्हातारा बरा आहे ना?"

मी तेव्हा हार्लन फोर्कच्या रेडिओवर 'शनिवारचा कट्टा' चालवायचो. कॅन्ससमधल्या आमच्या या गावात धान्याची उंच कोठारं आहेत, एक विद्यापीठ आहे आणि विद्यापीठाचा फुटबॉल संघ आहे. आमचं फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन एकमेकांच्या अंगावर धावायचं. संघाचं नाव नांगरवाले. गेल्या अकरा वर्षांत नांगरवाले जिंकले कमी आणि हरले जास्त, तरी सामन्याच्या दिवशी मैदानात पाय ठेवायला जागा नसते. सामन्याआधी दोन तास लोक माझ्या कार्यक्रमात फोन करून भांडायचे. त्यात मर्लचा नंबर पहिला.

मर्लनं अडतीस वर्षं कोठारावर यंत्रं दुरुस्त केली. उजव्या हाताची दोन बोटं तिथल्याच एका पट्ट्यात गेली. कॉलेजचं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही, पण कॉलेजच्या संघाबद्दल त्याला जेवढी मतं होती तेवढी कुठल्या प्राध्यापकाला नसतील.

"क्लेट, त्या प्रशिक्षकाला सांग," तो सुरू व्हायचा, "एक यार्ड पुढे सरकायचं असेल तर चेंडू घेऊन सरळ घुसायचं. हवेत कसला फेकतोस, लग्नात तांदूळ टाकतोस का?"

"मर्ल, पण खेळाडूंना आता पैसे मिळतात, ते तुम्हाला पटतं का? मघाशी एक गृहस्थ म्हणत होते की खेळाची वाट लागली."

"डोकी त्या पोरांची फुटतात, गुडघे त्यांचे जातात. त्यांना चार पैसे मिळाले तर याच्या पोटात का दुखतं? प्रशिक्षकाला लाखो मिळतात तेव्हा नाही दुखत?"

मग गाडी टीव्हीवर यायची. टीव्हीवाल्यांनी सामने सकाळी अकराला ठेवायला सुरुवात केली, याचा मर्लला भयंकर राग. "अकराला माणूस नीट नाश्ता करतो की बीअर पितो? आणि साडेतीन तासांत खेळ किती? मी घड्याळ लावून बसलो होतो. बाकी सगळ्या ट्रकच्या आणि गुडघेदुखीच्या जाहिराती."

फोन ठेवता ठेवता निवृत्तीच्या पैशाबद्दल एक वाक्य ठरलेलं असायचं. "सगळ्या शेअर बाजाराचा एक स्वस्तातला फंड घ्या आणि त्याचे कागद कपाटात टाका. रोज उघडून बघू नका. आणि तुमच्या पैशाची काळजी तुमच्यापेक्षा जास्त करणारा माणूस भेटला, तर पाकीट चाचपा."

लोकांना हे फार आवडायचं. मलाही आवडायचं. अडचण एवढीच होती, की यानंतर लगेच मला ब्रेंट हॅलोरनची जाहिरात वाचायला लागायची.

हॅलोरन गावातला गुंतवणूक सल्लागार. माझ्या कार्यक्रमाचा निम्म्याहून जास्त खर्च त्याच्याकडून यायचा, आणि मैदानावरच्या धावफलकाखाली त्याचंच नाव मोठ्या अक्षरांत होतं. 'हमखास शांती योजना' असं त्याच्या मालाचं नाव. पैसे एकदाच भरायचे, बुडायची भीती नाही, जन्मभर उत्पन्न. मी ते इतक्या मायेनं वाचायचो, की लोकांना वाटायचं माझेही पैसे त्यात आहेत. नव्हते.

व्हर्ना पेलगर्निकचे मात्र होते. व्हर्ना ही मर्लची मेव्हणी, त्याची बायको आर्डिथ हिची थोरली बहीण. एकाहत्तर वर्षांची, विधवा, शाळेच्या भटारखान्यात सत्तावीस वर्षं राबलेली. तिच्या हातचे बीरॉक, म्हणजे आत कोबी-खिमा भरून भाजलेले पाव, खाऊन आमची अख्खी पिढी मोठी झाली. मे महिन्यात गारपिटीनं तिचं छप्पर फोडलं. विमा कंपनीनं निम्मे पैसे दिले. उरलेले काढायला ती हॅलोरनकडे गेली, तर तिथल्या बाईनं गोड हसून सांगितलं, की पैसे आता काढले तर नऊ टक्के कापले जातील, आणि अजिबात कापून घ्यायचे नसतील तर नऊ वर्षं थांबा.

"नऊ वर्षं?" व्हर्ना म्हणाली. "तोवर मला छपराची गरज पडणार नाही, बाई."

ती कागदांचं बाड घेऊन मर्लकडे आली. मर्लनं तीन दिवस ते वाचलं. बोट ओळींखाली फिरवत, पेन्सिलीनं खुणा करत, स्वयंपाकघराच्या टेबलावर. नऊ टक्के कपातीची अट त्याला पान एकतीसवर सापडली. आर्डिथ सांगायची, जेवायलासुद्धा टेबल मोकळं करून दिलं नाही.

त्या शनिवारी नऊ-दहाला फोन आला. नांगरवाल्यांचा मोसमातला पहिला घरचा सामना होता.

"क्लेट, आज प्रशिक्षकाबद्दल काही बोलायचं नाही."

"मर्ल, तब्येत ठीक आहे ना?"

"उत्तम. मला पान एकतीसबद्दल बोलायचंय. हॅलोरनची ती शांती ज्यांनी ज्यांनी घेतलीय त्यांनी पान एकतीस काढा. वरून चौथी ओळ. आणि ज्यांनी घेऊन तीस दिवस झाले नसतील त्यांनी पान दोन काढा, कारण तुम्हाला सगळे पैसे परत मिळू शकतात आणि हे तुम्हाला कुणी..."

काचेपलीकडे आमचा व्यवस्थापक गळ्यावरून हात फिरवत होता. मी बटण दाबलं.

म्हणालो, "फोन तुटला वाटतं." आणि पुढच्या कागदावरून हॅलोरनची जाहिरात वाचली.

हे मी केलं. व्यवस्थापकानं सांगितलं म्हणून केलं असं म्हणता येईल, पण बोट माझं होतं. सोमवारी हुकूम निघाला, की मर्ल डिट्झलरचा फोन घ्यायचा नाही. मी तो फोनशेजारी चिकटवला.

मर्लनं परत फोन केलाच नाही. मैदानासमोर लूथरन चर्चचं पार्किंग आहे. सामन्याच्या दिवशी वीस डॉलर देऊन तिथं गाडी लावायची, मागचं फळकूट पाडायचं आणि दिवसभर खात-पीत बसायचं. विद्यापीठानं तिकिटाबरोबर देणगी सक्तीची केली, तेव्हापासून मर्ल मैदानात जात नव्हता. पण तो आपल्या ट्रकच्या पाठीवर छोटा टीव्ही मांडून तिथंच सामना बघायचा. गर्दीचा ओरडा आधी ऐकू यायचा आणि टीव्हीवर तेच थोड्या वेळानं दिसायचं, तेवढ्या वेळात तो टीव्हीवाल्यांना शिव्या देऊन घ्यायचा.

पुढच्या शनिवारी ट्रकला एक पुठ्ठा लटकला होता. त्यावर लिहिलं होतं, 'शांती योजनेचे कागद फुकट वाचून मिळतील. फक्त जाहिरातींच्या वेळात.'

लोक आधी हसले. मग एक जण खरंच घरी जाऊन कागद घेऊन आला. टीव्हीवर जाहिरात लागली की मर्ल आवाज बंद करायचा, चष्मा चढवायचा आणि वाचायचा. खेळ सुरू झाला की बोट त्या ओळीवर ठेवून टीव्हीकडे मान. जाहिराती इतक्या असायच्या, की एका सामन्यात चार-पाच जणांचं काम व्हायचं. व्हर्ना शेजारी घडीच्या खुर्चीत बसून बीरॉक वाटायची आणि येणाऱ्याला विचारायची, "किती दिवस झाले सही करून? तीसच्या आत? मग पुढे ये. जास्त झाले? तरी ये, निदान खाऊन तरी जा."

ऑक्टोबरच्या मध्याला हॅलोरन स्वतः आला. मी तिथं होतो. सामन्यादरम्यान माझं काम नसायचं आणि पाय आपोआप तिकडे वळायचे, पण मी लांब, एका झाडाशी उभा राहायचो. हॅलोरन नांगरवाल्यांचा महागडा कोट घालून आला होता. आवाज मात्र खाली ठेवला होता.

"मर्ल, काय चाललंय हे? आपण एकाच गावचे. एक फोन करायचास, माझ्या ऑफिसात बसून बोललो असतो."

"तुझ्या ऑफिसात टीव्ही लहान आहे," मर्ल म्हणाला.

"हे बघ, तू काही सल्लागार नाहीस. परवाना लागतो या कामाला. माझे वकील म्हणतात—"

"मी सल्ला देत नाही. मी वाचून दाखवतो. वाचायला परवाना लागत असेल तर पकड मला." मर्लनं आपला चष्मा काढून पुढे धरला. "हा घे. तूच वाच. माझा उच्चार चुकत असेल. पान एकतीस, चौथी ओळ. सगळे ऐकतायत."

आजूबाजूच्या शेगड्यांपाशी उभी असलेली माणसं खरंच थांबली होती. हॅलोरननं चष्म्याकडे पाहिलं, हात लावला नाही.

"यांच्यापैकी प्रत्येकानं सही केलीय," तो म्हणाला. "जबरदस्ती नाही केली कुणी."

तेव्हा व्हर्ना उठली. तिला उठायला वेळ लागतो, पण कुणी हात दिला नाही, तिनं देऊ दिला नसता.

"मी केली सही," ती म्हणाली. "तू माझ्या दिवाणखान्यात बसला होतास, ब्रेंट. माझ्या हातचे बीरॉक खाल्लेस. मी विचारलं, की गरज पडली तर पैसे काढता येतील ना? काय म्हणालास?"

"व्हर्ना, हे सगळं कागदावर स्पष्ट—"

"काय म्हणालास ते सांग."

हॅलोरननं कोटाची बटणं लावली. मैदानातून ओरडा आला, नांगरवाल्यांनी काहीतरी चांगलं केलं असावं, पण पार्किंगमधल्या एकानंही टीव्हीकडे पाहिलं नाही. हॅलोरन खिशात हात घालून निघून गेला. वकिलाचं पत्र नंतर आलं. मर्लनं त्याखाली 'वाचलं' असं लिहून सही केली आणि त्यांच्याच पाकिटात घालून परत पाठवलं. पुढे काही आलं नाही.

तीस दिवसांच्या आत असलेल्या अकरा जणांना पूर्ण पैसे परत मिळाले. व्हर्ना त्यात नव्हती. मर्लनं तिच्यासाठी कागदावर सगळा हिशेब मांडला. छपरासाठी बँकेचं छोटं कर्ज काढ, योजनेतले पैसे तसेच राहू दे, दरवर्षी थोडे थोडे काढ, तेवढ्याला कपात नाही. हिशेब बरोबर होता. मी नंतर पाहिला आहे.

व्हर्नानं तो कागद नीट घडी करून त्याला परत दिला. "सगळे काढायचे. सोमवारी."

"अगं, नऊ टक्के जातील! हा शुद्ध वेडेपणा आहे."

"मर्ल, मी सत्तावीस वर्षं पहाटे चारला उठून ते पैसे साठवले. त्या माणसाकडे ते आणखी एक दिवससुद्धा राहणार नाहीत. जे जातील ते जातील."

"पण आकडे बघ ना—"

"आकडे तू बघ. छप्पर माझं आहे."

प्रत्येक गोष्टीवर मत असलेल्या मर्ल डिट्झलरनं तो कागद पेन्सिलीसकट खिशात घातला. सोमवारी तोच तिला गाडीतून घेऊन गेला. ऑफिसातल्या बाईनं विचारलं, की हा निर्णय कुणाच्या दबावाखाली घेताय का, तेव्हा व्हर्नानं मर्लकडे अंगठा दाखवला आणि म्हणाली, "याच्या विरोधात जाऊन घेतेय. लिही तसं."

ही हकिगत मला आर्डिथनं किराणा दुकानात सांगितली. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. पिशवीत बटाटे भरत म्हणाली, "तुझा आवाज फार छान आहे, क्लेट. व्हर्ना म्हणते, तुझ्या आवाजामुळेच तिनं त्याला घरी बोलावलं."

त्या शनिवारी साडेनऊला माझ्यासमोर नेहमीचा कागद आला. मी तो बाजूला ठेवला आणि खिशातून पान एकतीसची प्रत काढली. चौथ्या ओळीपासून वाचलं, सावकाश, तशाच मायेनं. मग पान दोन वाचलं. काचेपलीकडे व्यवस्थापक दोन्ही हात हलवत होता. मी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली आणि पान दोन पुन्हा एकदा वाचलं, कारण काही लोक पेन शोधत असतील.

सोमवारी माझी नोकरी गेली. आता मी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. हॅलोरनचं नाव अजून धावफलकाखाली आहे आणि त्याचं ऑफिसही चालू आहे. आमच्या गावात बहुतेक गोष्टी अशाच चालू राहतात.

नोकरी गेल्यानंतरच्या शनिवारी मी पार्किंगमध्ये गेलो आणि या वेळी झाडाशी थांबलो नाही. मर्लनं मला आपादमस्तक पाहिलं.

"दोन महिने लागले तुला," तो म्हणाला.

"हो."

"मी माफ केलेलं नाही."

"मागितलीही नाही अजून."

"मग माग की! जाहिरात संपायच्या आत माग, नंतर मला वेळ नाही."

मी मागितली. नीट, नाव घेऊन, आधी व्हर्नाची आणि मग त्याची. व्हर्नानं मान हलवली आणि एक बीरॉक माझ्या हातात ठेवला. तो इतका गरम होता, की मला या हातातून त्या हातात करत उभं राहावं लागलं. जाहिरात संपली होती आणि मर्ल टीव्हीकडे वळला होता. नांगरवाले एकवीस गुणांनी मागे होते, एक यार्ड हवा होता, आणि प्रशिक्षकानं पुन्हा चेंडू हवेत फेकायला लावला.

"बघितलंस?" मर्ल ओरडला. "बघितलंस या गाढवाला?" आणि आपली शेजारची खुर्ची पायानं माझ्याकडे ढकलली.