तळमजल्यावर थांबलेली लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. या सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर कायमची थांबलेली. लोक आता तिकीट काढून ही इमारत बघायला येतात. माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात.

लोखंडी जाळीचे सरकते दार, आत सागवानी लाकूड, असे माझे रूप. मला इथे बसवले तेव्हा साहेबलोक जिन्याची वाटच विसरले. माझ्या लिफ्टमनला सगळे मामा म्हणत. गुडघे धरत आलेल्या म्हाताऱ्यांना ते म्हणायचे, "या, सावकाश या. ही काय आगगाडी आहे सुटायला?"

वर्षे गेली. भिंतीतल्या वायरी जुन्या झाल्या. तिसऱ्या मजल्यावर जळका वास येऊ लागला. तो सगळ्यांनाच येई; पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघे. "बघू पुढच्या महिन्यात," म्हणत दिवस ढकलले.

एका दुपारी त्याच मजल्याने पेट घेतला. जिन्यात धूर कोंडला. आगीत लिफ्ट वापरू नये, हे मामांना ठाऊक होते. पण दुसरी वाटच उरली नव्हती. त्यांनी एक खेप खाली आणली, मग दुसरी. तेवढ्यात कोणीतरी ओरडले, "टायपिस्टबाई वरच राहिल्या!"

"मामा, आता नका जाऊ," शिपायाने त्यांचा हात धरला.

"अरे, त्यांना एरवीही पायऱ्या उतरवत नाहीत, या धुरात कशा येतील?" मामा म्हणाले आणि त्यांनी दार ओढले.

बाई आत आल्या. आम्ही निघालो आणि दोन मजल्यांच्या मध्येच वीज गेली. मी जागच्या जागी अडकले. मी काय करणार होते? मामांनी आपला रुमाल बाईंच्या नाकावर धरला. अग्निशमन दलाच्या जवानांनी माझी जाळी कापली तेव्हा बाईंचा श्वास चालू होता. मामांचा नव्हता.

पुढे इमारत दुरुस्त झाली. माझी जाळी सांधली, मला नवा रंग दिला आणि लोकांना बघण्यासाठी तळमजल्यावर उभे केले. शेजारी पाटी लागली. तिच्यावर माझ्यातून गेलेल्या बड्या पाहुण्यांची नावे आहेत.

गेल्या हिवाळ्यात मामांची बायको लेकीबरोबर आली. गाइड पुढे निघाला, तरी ती पाटीपाशीच उभी.

"ह्यांचं नाव कुठंय गं?" तिने विचारले.

लेकीने पाटी दोनदा वाचली. "नाहीये, आई."

"कोणाचं नाव, आजी?" गाइड मागे वळला.

"ही लिफ्ट चालवायचे ते."

गाइडने पाटीकडे पाहिले. "पाटी वरून बनून येते, आजी. आमच्या हातात नसतं. चला, अजून सभागृह बघायचंय."

तिने माझ्या जाळीत बोटे अडकवली आणि डोळे मिटले. लेकीने एकेक बोट हळूच सोडवले, मग त्या दोघी गेल्या.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना रंग जरूर लावा. पण आधी आमचे आतले दुखणे बघा. ते माणसांच्या जिवावर उठते. आणि अशी एखादी इमारत बघायला गेलात, तर इथे कोण राबत होते, असे विचारा. उत्तर मिळाले नाही, तरी विचारा.