ओट्यावरचं इटालियन

बायकोने इटालियन शिकायला नंदकुमारांची ना नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की ते मनातल्या मनात शिकावं. लेक हिमानीने इटलीत तिथल्याच मुलाशी लग्न केलं होतं, पण लोधीपुऱ्याच्या लेखी ती अजून तिकडे शिकतच होती, कारण नंदकुमारांनी गल्लीला तसं सांगून ठेवलं होतं. परदेशी जावई म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटत होतं.

आता भाषा कधी मनातल्या मनात शिकता येते का? वैशालीताईंना रविवारी विहिणीचा व्हिडिओ फोन येणार होता, पहिलाच. विहिणीशी लेकीच्या तोंडून बोलायचं हे त्यांना पटेना, म्हणून मोबाइलवर धडे सुरू झाले. सी या अक्षरापुढे इ किंवा ए आला तर च, आ, ओ, उ आला तर क. एकच अक्षर दोनदा आलं तर दाबून म्हणायचं, शेवटचा स्वर गिळायचा नाही. एच लिहायचा, पण त्याने तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम मात्र इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्यांना कुणी शिकवायला नको होता.

शनिवारी नंदकुमारांनी सांगून टाकलं, की फोन आतल्या खोलीत दार लावून घ्यायचा, नुसते हात जोडायचे आणि बोलणं हिमानीवर सोडायचं. वैशालीताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीने लग्न केलं होतं, चोरी नव्हे. त्यांनी मोबाइल उचलला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

"कोन्सुओचेरा," त्या म्हणाल्या. आधीचा क, नंतरचा च, शेवटचा आ, सगळं खणखणीत. मग पुन्हा, आणखी वरच्या पट्टीत. समोरच्या ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या भागाबाईंनी मान वर केली.

"वैशाली, काय म्हणून राहिली तू हे?"

नंदकुमार लगबगीने दारात आले आणि हिमानीच्या परीक्षेचं काहीतरी आहे म्हणून सांगू लागले. वैशालीताईंनी त्यांचं बोलणं पुरतं संपू दिलं.

"मावशी, त्यांच्यात विहिणीला असं म्हणतात. आपल्या हिमानीचं लग्न झालं. उद्या दुपारी माझ्या विहिणीचा फोन येणार आहे, इथंच, ओट्यावर. तुम्ही पण या."

भागाबाई हातातली भाजी टाकून उठल्याच. वैशालीताई नवऱ्याकडे वळल्या.

"उद्या ती व्याह्यांची चौकशी करणारच. तेव्हा तुम्ही दाराआड असणार की माझ्या शेजारी, ते आत्ताच ठरवा."