ओ येईपर्यंत

रिया साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, म्हणून उर्वशीने घरात मालवणी बंद करून टाकली होती.

बंद म्हणजे अगदी बंद. कुडाळच्या डॉक्टरांनी रियाचे कान तपासले, घसा पाहिला आणि सांगितलं, "सगळं उत्तम आहे. घरात सगळ्यांनी तिच्याशी भरपूर बोला." परतीच्या एस्टीत मुलीला मांडीवर घेऊन उर्वशीने मनाशी ठरवलं, बोलायचं, पण नीट बोलायचं. दोन-दोन भाषा कानावर आदळून पोरीचा गोंधळ होत असणार. शिवाय कोल्हापूरला कॉलेजात असताना, वक्तृत्व स्पर्धेत ऐन भरात तिच्या तोंडून 'मला'ऐवजी 'माका' निसटला होता आणि सगळं सभागृह हसलं होतं. ते हसू तिच्या कानातून अजून गेलं नव्हतं. लेकीच्या वाट्याला ते नको.

तिचा हेतू चांगला होता. फक्त घर मुकं झालं.

आबा, तिचे सासरे, जन्मभर दर्यात राबलेला माणूस. नातीला समोर बसवून त्यांनी सुरुवातीला प्रयत्न केला. "रिया, तू जेवलंस... जेवलीस काय? का?" मग स्वतःवरच वैतागून ते खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाळं शिवायला जाऊन बसायचे. पुढेपुढे नुसतेच तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. स्वरूप बायकोला चिडवायचा, "तुझ्या मराठीक इस्त्री करीपर्यंत माझा बोलना थंड होता गो!" पण रियासमोर तोही मोजकंच बोलायचा.

मालवणी मोकळी सुटायची ती एकाच कोपऱ्यात, स्वरूपच्या कॉम्प्युटरपाशी.

स्वरूप कट्टा गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. संध्याकाळी तारकर्लीला घरी आला की चहा पिऊन एका जुन्या खेळासमोर बसायचा. अंतराळातल्या लढाईचा खेळ. आपण एका लढाऊ विमानात बसायचं आणि ताऱ्यांमधून शत्रूच्या मागे लागायचं. तो खेळ काढणाऱ्या कंपनीने त्याच्याकडे कधीच पाठ फिरवली होती. पण खेळाबरोबर नवी मिशनं बनवायची सोय होती, आणि जगभरातले वेडे घरबसल्या आपापली मिशनं बनवून एकमेकांना पाठवत होते. स्वरूप त्यांतला एक. त्याच्या मिशनांना तिकडे चांगलं नाव होतं. एकच तक्रार यायची, की तुझे वैमानिक मुके का?

"मुके" हा शब्द स्वरूपने वाचून दाखवला तेव्हा उर्वशी भाजी चिरत होती. विळीवरचा हात थांबला.

इंग्रजी बोलणारे आवाज तारकर्लीत कुठून आणायचे? स्वरूपने तोडगा काढला. त्याच्या मिशनातले वैमानिक लांबच्या एका ग्रहावरचे, आणि त्या ग्रहावर मालवणी बोलतात. खाली इंग्रजी अक्षरं. वैमानिक झाले तो स्वतः आणि त्याचा चुलतभाऊ किरण. कप्तान झाले आबा.

"आबा, समज तू दर्यात आसस. मागसून दुश्मन येता."

"दुश्मन कोण?"

"तूच ठरव."

"मगे पर्सेसीनवालो!" आबा म्हणाले आणि आपल्या जाळ्याखालची मासळी ओढून नेणाऱ्या त्या मोठ्या बोटींवरचा सगळा राग त्यांनी माइकमध्ये ओतला. त्यातल्या बऱ्याचशा शब्दांना स्वरूपला इंग्रजीत काही सापडेना. किरण तोंडावर उशी दाबून हसत होता. उर्वशीने रियाला उचलून स्वयंपाकघरात नेलं.

मिशनच्या शेवटी काय ठेवावं ते आबांनीच सुचवलं. पूर्वी होडी काळोखात किनाऱ्याला लागली की त्यांचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, एकेकाचं नाव घ्यायचा. ज्याचं नाव त्याने ओ द्यायची. ओ येईपर्यंत पुढचं नाव नाही, आणि सगळ्यांची ओ आल्याशिवाय कुणी घरची वाट धरायची नाही. स्वरूपने तोच नियम खेळात बसवला; लढाई संपल्यावर आबांचा आवाज तशीच हाक मारू लागला.

"स्वरूप?"

"आसय."

"किरण?"

"आसय."

आणि मग, कुणीही सांगितलेलं नसताना, त्याच दमात, "रिया?"

पुढे काहीच नव्हतं. कुणी ओ दिली नाही, म्हणून खेळ ठरल्याप्रमाणे थांबून राहिला. जरा वेळाने पुन्हा "रिया?" पुन्हा शांतता. मिशन संपेचना.

हे स्वरूपच्याही ध्यानात आलं नव्हतं, ते आलं पोलंडच्या एका भिडूमुळे. मिशन तपासायला त्याच्याकडे गेलं होतं. त्याने कळवलं की तुम्ही बनवलेली परग्रहाची भाषा फारच सुंदर आहे, पण शेवटचा वैमानिक उत्तर देत नाही. तो हरवलाय का? मी किती तरी वेळ त्याला शोधत फिरलो.

स्वरूप हसत हसत सांगत होता. उर्वशीचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं.

"तिचं नाव काढा त्यातून," ती म्हणाली.

"अगो, आबांनी सहज..."

"सहज असो नाहीतर कसंही. जगभर वाजणार ते. माझ्या मुलीला हाक मारायची आणि पुढे सगळ्यांनी शांतता ऐकायची. काढा."

आबा दारात उभे होते. "होडयेत बसलेल्या माणसाचा नाव गाळूचा?" ते हळूच म्हणाले. "ओ आज नाय इली तर थांबूचा. नाव कसा गाळतत?"

"आबा, ती देणार नाही ओ," उर्वशीचा आवाज चिरकला. "रोज मी तिच्या तोंडाकडे बघत असते. तुम्हांला काय वाटतं, मी थांबले नाही?"

आबा खाली बघत खळ्यात गेले.

मिशन रविवारी पाठवायचं होतं. रविवारी दुपारी स्वरूप ते नाव कापायला बसला. नेमकं कुठे कापायचं ते बघायला त्याने शेवट पुन्हा लावला. आठवडाभर घरात तोच शेवट वाजत होता. उर्वशी मागच्या दारी पेडव्यांची मासळी साफ करत होती. रिया टेबलाखाली करवंट्या घेऊन बसली होती.

"किरण?"

"आसय."

"रिया?"

उर्वशीने नेहमीसारखे दात आवळले.

"आसय."

तिच्या हातातला पेडवा परत पाटीत पडला. तो आवाज कॉम्प्युटरचा नव्हता.

टेबलाखालचं उत्तर कॉम्प्युटरला कुठून कळणार? त्याने पुन्हा विचारलं, "रिया?"

"आसय रे!" रिया त्रासून ओरडली. किरणकाकाची हुबेहूब चाल, वर आबांचा राग.

स्वरूप माइक शोधायला उठला आणि वायरीत पाय अडकून पुन्हा खुर्चीत बसला. खळ्यातून आबा आले, ते खांद्यावर जाळं घेऊनच. उर्वशी खवल्यांचे हात तसेच धरून दारात उभी राहिली. तिच्या जिभेवर पहिलं काय आलं, तर 'आहे म्हण, बाळा.' सवयच ती. तिने ते कसंबसं गिळलं.

रिया टेबलाखालून बाहेर आली. एकदम सगळे आपल्याकडे बघतायत हे बघून तिने एकेकाकडे पाहिलं. मग तांडेलासारखी मान ताठ करून तिने आवाज काढला.

"आई?"

"हो गं राणी," उर्वशी खाली बसली. "मी इथे आहे. बघ, इथे आहे मी."

रियाच्या कपाळावर आठी पडली. हे उत्तर तिने ऐकलेलं नव्हतं. ती थांबली आणि पुन्हा म्हणाली, "आई?"

उर्वशीला हुंदका आवरेना. मागून आबा म्हणाले, "ओ दी गो. होडी खोळंबली आसा."

"आसय," उर्वशी म्हणाली.

रियाचं समाधान झालं. ती वळली.

"आबा?"

आबांना ओ द्यायला जरा वेळ लागला. ती थांबून राहिली.