नोंदवहीत मी बंद आहे

मित्रांनो, मी छताला टांगलेला एक जुना प्रोजेक्टर आहे. घाईत सांगतो, कारण कॉलेजचे शिपाई चाँद पाशा शिडीवर चढले आहेत आणि माझा पहिला स्क्रू निघाला आहे.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. आठवतात ते वारंगा फाट्यापासून टेम्पोत बसलेले धक्के. मग हे कॉलेज. नारळ, हार, टाळ्या, फोटो. "आता खडू संपला," असं कोणीतरी म्हणालं.

दुसरा स्क्रू.

पुढचं थोडक्यात. पहिला तास भूगोलाच्या भीमराज सरांचा होता. कयाधू नदी ते फळ्यावर डोळे मिटून काढतात. पण लॅपटॉपवरचं चित्र माझ्याकडे कसं पाठवायचं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. भिंतीवर नुसता निळा उजेड. दहा मिनिटं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आभाळ तर आलं, ढग कवा येणार?"

वर्ग हसला. सरांनी मला बंद केलं आणि नोंदवहीत लिहिलं : प्रोजेक्टर नादुरुस्त.

मी ठणठणीत होतो.

ती नोंद सगळ्यांच्याच सोयीची ठरली. इतिहासवाल्यांनी तीच लिहिली, मराठीवाल्यांनीही. सहा वर्षं. आज सगळ्या नादुरुस्त वस्तू भंगारात जाणार आहेत. गाडी दारात उभी आहे.

तिसरा. आता मी एका स्क्रूवर आणि चाँद पाशांच्या डाव्या हातावर आहे.

"सर, सही मारा. हात दुखून राहिला."

भंगाराच्या यादीवर सही करायला भीमराज सरांनी पेन उघडलं. तेवढ्यात रसायनशास्त्राच्या करुणा मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या.

"सर, एकदा लावून बघू का?"

"बंद हाय म्हणलं ना, मॅडम!"

"बघायला काय जातं?"

समोर तासाला बसलेली पन्नास मुलं. मॅडमच्या हातात वायर. मी पेटलो, तर सर सगळ्यांसमोर खोटे ठरतात. त्याआधी सही झाली, तर मी भंगार. पेन कागदाला टेकलं. 'भी' उमटलं.

थांबलं.

"चाँदभाई, काढू नका. तो चांगला हाय. मलाच येत न्हाई."

कोणी हसलं नाही.

"मंग काहून चढवलं मला शिडीवर?" चाँद पाशा वरून म्हणाले. "सहा साल आधी बोलला असता, तर एवढी तकलीफ झाली असती का!"

आता सगळे हसले. सरसुद्धा, थोडे उशिरा.

मॅडमनी वायर जोडली, लॅपटॉपवर कयाधूचा नकाशा उघडला आणि तो सरांपुढे सरकवला. कोणतं बटण, ते सांगितलं. दाबलं सरांनी. भिंतीवर नदी आली, माझ्यासारखीच तिरकी.

सर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बंद करा. आन पयल्यापासून सांगा. हळू."

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, हे तर आहेच. पण तुम्हाला जे येत नाही, ते आमच्या नावावर लिहू नका. यंत्राला नोंदवहीत उत्तर लिहिता येत नाही.